तुळशीतला कोळसा

वसुमतीला शिसारी फार लवकर यायची. सोवळ्याओवळ्याची नव्हे, पंगतीत, खानावळीत, रेल्वेच्या डब्यात ती कुणाच्याही मांडीला मांडी लावून जेवायची. तिचं सगळं भांडण वासाशी होतं. ओलं फडकं नीट वाळलेलं नसलं तर ते तिला जिन्यातच कळायचं. दूध नासायच्या आधी तिला भांडं सांगायचं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासरच्या एका मुंजीत तिने पानातली वाटली डाळ बाजूला सारली, आणि कुणी खोदून विचारलं तेव्हा आंबली आहे असं हळूच सांगितलं. संध्याकाळपर्यंत अर्धी पंगत आडवी झाली. पण तिचं कौतुक कुणी केलं नाही. नवी सून भरल्या पानावर असं बोललीच कशी, म्हणूनच बाधलं, असं सगळ्यांचं ठरलं. तेव्हापासून पोंक्ष्यांच्या घरात वसुमतीचं नाक हा थट्टेचा विषय होऊन बसला. तिचा नवरा श्रीकांत तर म्हणायचा, की सरकारने हे नाक ताब्यात घेऊन विमानतळावर बसवायला हवं, कुत्री पोसायचा खर्च वाचेल.

श्रीकांत बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. मल्लेश्वरममध्ये तळमजल्याचं भाड्याचं घर, मागे हातभर अंगण, आणि अंगणात एका कुंडीत माईंची, म्हणजे वसुमतीच्या सासूबाईंची, तुळस. माईंना जुना खोकला. रोज सकाळी त्या तुळशीची पाच-सहा पानं चावून खायच्या, दोन पानं देवाच्या तीर्थात टाकायच्या आणि ते तीर्थ घरातल्या प्रत्येकाच्या तळहातावर पळीने घालायच्या. त्याशिवाय कुणाला चहा मिळत नसे.

वसुमती मूळची कोल्हापूरची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत एका खासगी तपासणी-प्रयोगशाळेत ती नोकरी करायची. प्रयोगशाळा म्हणजे छापखान्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. मालक हयवदन राव, पूर्वी कॉलेजात शिकवणारे, कपाळावर गोपीचंदनाचा बारीक टिळा, बोलणं कन्नड-इंग्रजीत आणि हळू. त्यांच्याकडे बोअरवेलचं पाणी यायचं, पेंड यायची, तूरडाळ यायची, आणि अलीकडे कोळसा यायला लागला होता. कुणी म्हणे तो पाणी गाळायच्या फिल्टरमध्ये घालतं, तर कुणी मातीत. मातीत घालायच्या कोळशाला तेव्हा काही खास नाव नव्हतं. कोळशाची पूड, एवढंच.

कोळसा तपासायचा म्हणजे त्याला पुन्हा पुन्हा जाळायचं. आधी नुसता तापवून ओलावा उडवायचा. मग झाकण लावलेल्या मुशीत घालून लालबुंद भट्टीत थोडा वेळ ठेवायचा, म्हणजे अर्धवट जळालेलं जे काही त्यात लपून बसलेलं असतं ते धूर होऊन निघून जातं. मग झाकण काढून शेवटपर्यंत जाळायचा. मागे उरते ती राख. हे तिन्ही वजा केले की उरतो तो पक्का कार्बन. आणि मातीत घालायचा असला तर आणखी एक गोष्ट बघायची, तो टिकणार किती. त्यासाठी डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात आम्ल घालून त्यात त्याला उकळायचं. द्रावण जेवढं खाईल तेवढं माती आज ना उद्या खाणार. उरेल ते माणसाच्या कितीतरी पिढ्या तिथेच राहणार. ते नारिंगी द्रावण मोठं जहाल. त्याच्या बाटलीला हात लावून झाल्यावर वसुमती कोपरापर्यंत हात धुवायची.

पण कोळसा तिला आवडायचा. घरात रोज काही ना काही नासत, आंबत, बुरसत असायचं, आणि ही एक वस्तू अशी होती की नीट जाळली असली तर कुजत नाही, किडत नाही, आणि तिला कसलाही वास नाही. श्रीकांतला हे ऐकून हसू यायचं. जगात एवढी अत्तरं असताना हिला आवडलं काय, तर कोळसा, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

शहाण्णव सालच्या संक्रांतीला शमिकाकडे हळदीकुंकू होतं. शमिका म्हणजे विद्याधरची बायको, आणि विद्याधर श्रीकांतचा मामेभाऊ. हा विद्याधर श्रीकांतच्याच कारखान्यात होता. मग तो स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडला आणि व्हाइटफील्डच्या पलीकडे, जिथे तेव्हा नाचणीची शेतं होती, तिथे जागा घेऊन लोखंडी पिंपांत नारळाच्या करवंट्या जाळायला लागला. त्या कोळशाची पूड तो छोट्या पिशव्यांत भरून विकायचा. पिशवीवर नाव ‘कृष्णाई’ आणि खाली कुंडीचं चित्र. तर त्या दिवशी शमिकाने प्रत्येकीला तिळगूळ दिला, इकडच्या रीतीचं येळ्ळू-बेल्ला, म्हणजे सुटे तीळ, गूळ, खोबरं, दिलं आणि वाण म्हणून कृष्णाईची एकेक पिशवी लुटली. तुळशीला घाला, म्हणाली, बघा कशी तरारते. आणि पुढे सहज सांगावं तसं सांगितलं, की आमच्या वसुमतीवहिनींच्या प्रयोगशाळेतून तपासून घेतलंय सगळं.

वसुमती तेव्हा पाटावर बसली होती, पदरात ओटी, मनगटाला अत्तर. तपासलेलं काहीही नव्हतं. पण भरल्या हळदीकुंकवात खोटं आहे म्हणून कसं सांगायचं? पुन्हा ते भरल्या पानावर बोलल्यासारखं झालं असतं. शिवाय करवंटीचा कोळसा, त्यात वाईट ते काय असणार. ती गप्प बसली. बायका मात्र तिच्याकडे बघून माना डोलावत होत्या, आणि सकवारबाई, त्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, म्हणाल्या, की वसुमती अक्कांनी बघितलंय म्हणजे सरी, बरोबरच असणार, डोळे मिटून घालायचं.

माईंनी दुसऱ्याच दिवशी दोन मुठी पूड तुळशीत घातली.

आठवडाभराने, उन्हं चांगली तापल्यावर, माईंनी तुळशीला पाणी घातलं आणि स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या वसुमतीने एकदम लाटणं खाली ठेवलं. केस जळाल्याचा वास. शेगडीत केसांचं गुंतवळ पडावं तसा, पण त्याच्याखाली आणखी काहीतरी चिकट, जुनं. तिने गॅस बघितला, मोरी बघितली, मग वास धरत धरत अंगणात आली आणि तुळशीपाशी थांबली. माईंना काही जाणवलं नाही. श्रीकांतने गुडघ्यावर हात टेकून हुंगून बघितलं आणि हा मातीचा वास आहे असं सांगितलं, नाहीतर बाहेर अवरेकायीच्या सालींचे ढीग पडलेत त्यांचा. अवरेकायीचा वास वसुमतीला चांगला ठाऊक होता. त्या शेंगांचे दाणे सगळं बंगळूर त्या दिवसांत रोज खातं. हा तो नव्हता.

फेब्रुवारीत विद्याधरचा नमुना प्रयोगशाळेत आला. नर्सरीवाल्यांची मोठी मागणी येऊ घातली होती, त्यांना अहवाल हवा होता, आणि तोच अहवाल तो पिशवीवरही छापणार होता. वसुमतीने नाकाला पदर लावूनच पाकीट फोडलं. मग पदर सोडला. कसलाही वास नाही. झाकलेल्या मुशीतून धूर जेमतेम निघाला. राख एवढीशी आणि पांढरीशुभ्र. डायक्रोमेटमध्ये तास गेला तरी द्रावणाने त्याला जवळजवळ हात लावला नव्हता. इतका नितळ कोळसा तिने पूर्वी पाहिला नव्हता. उगाच संशय घेतला, असं म्हणत ती त्या संध्याकाळी घरी आली, चपला काढल्या, आणि मागच्या दारातून तोच वास आत आला.

हळदीकुंकवाला मिळालेली कृष्णाईची पिशवी फळीवर, तोंड घट्ट बांधलेली, अर्धी शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी तिने ती डब्याबरोबर प्रयोगशाळेत नेली.

या वेळी भट्टीचं दार उघडल्यावर झाकणाखालून जो धूर आला, त्याने हयवदन राव नाकाला रुमाल लावून आपल्या खोलीतून बाहेर आले आणि खिडक्या उघडत सुटले. वसुमती तोंडात आलेलं कडू पाणी गिळत उभी राहिली. मग झाकण काढून मूस पुन्हा आत ठेवली, पार जळेपर्यंत. बाहेर काढून गार केली तेव्हा राख करवंटीच्या कोळशाच्या चौपट होती, आणि हिरवी होती. पिस्त्याच्या बर्फीसारखी, बघितल्यावर पुन्हा कधी पिस्त्याची बर्फी खाऊ नये अशी, गुळगुळीत हिरवी.

तिने आधी स्वतःवर शंका घेतली. टेबलावर डायक्रोमेटची बाटली होती. त्यातही क्रोमियमच असतं, एखादा थेंब उडाला असेल. बाटली कपाटात बंद केली, दुसऱ्या खोलीत नवी मूस घेतली, सगळं पहिल्यापासून केलं. राख हिरवीच. सोडा आणि सोरा घालून वितळवली तर पिवळीजर्द झाली. म्हणजे क्रोमियम. केस जळाल्याचा वास आणि क्रोमियम ज्या एका वस्तूत एकत्र येतात ती रोज पायात असते. चामडं हल्ली क्रोमियमच्याच क्षारांत कमावतात. करवंट्यांना भाव आला होता आणि चामड्याच्या पिशव्या, पट्टे, चपला करणाऱ्या कारखान्यांबाहेर कातरलेल्या तुकड्यांचे ढीग न्यायला कुणी मिळत नव्हतं. विद्याधरने निम्म्या पिंपांत करवंट्या भरल्या होत्या आणि निम्म्यांत हे. नमुना तेवढा करवंट्यांचा पाठवला होता.

हयवदन रावांनी पांढऱ्या आणि हिरव्या राखेच्या दोन्ही मुशी बघितल्या. चष्मा काढून पुसला. मग शांतपणे सांगितलं, की आपल्या अहवालावर पहिल्याच ओळीत काय छापलेलं असतं? मिळालेल्या नमुन्यापुरतं. गिऱ्हाइकाने जो नमुना दिला त्याची राख पांढरी आहे, कार्बन उत्तम आहे, टिकाऊपणा उत्तम आहे. तेवढं लिहायचं. तुमच्या घरातली फोडलेली पिशवी हा नमुना नव्हे. तुमच्या स्वयंपाकघरात तिच्यात काय पडलं कुणी सांगावं.

“नम्म केलसा इष्टे, मॅडम,” ते म्हणाले. आपलं काम एवढंच.

अहवालातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. वसुमतीला शिसारी आली ती त्याचीच. आंबलेली डाळ निदान आंबलेली दिसते. हा कागद मात्र स्वच्छ होता, खरा होता, आणि त्यावर सही केली की तो तेवढ्याच स्वच्छपणे सगळ्यांच्या तोंडात ते हिरवं घालणार होता. माईंच्या तोंडात पहिलं. तिने सही केली नाही. रावांनी फार आग्रह केला नाही. स्वतः केली, फुंकर घालून वाळवली आणि पाकिटात घातली.

त्या संध्याकाळी ती विद्याधरकडे गेली. दोन मुशी डब्यात घालून नेल्या होत्या. विद्याधरने त्या टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवल्या, वाकून बघितल्या आणि मोकळेपणाने हसला. नाकारायचा त्याने प्रयत्नही केला नाही. म्हणाला, “वहिनी, मुलगी दाखवायची असते तेव्हा आपण तिला मोरी घासताना दाखवतो का? पोह्यांचा ट्रे घेऊन येताना दाखवतो. नमुना म्हणतात तो हाच.”

वसुमतीने विचारलं, की लोक याच्यातली पानं खातात ते ठाऊक आहे ना. तो म्हणाला, की कोळसा झाल्यावर कसली करवंटी आणि कसलं कातडं. स्मशानात असं कुणी विचारत नाही. शमिका आतून शिरा घेऊन आली. तुपाचा, वेलदोड्याचा वास. वसुमतीला चमचा तोंडापर्यंत नेता येईना. तिने सगळ्यांकडून पिशव्या परत घ्यायला सांगितलं, नाहीतर मीच सांगेन म्हणाली.

“सांगा ना,” विद्याधर शिरा खात म्हणाला. “क्रोमियम सांगितलंत तर कुणाला कळणार नाही. आणि कातडं सांगितलंत तर पहिली ओकारी माईंना होईल. बघा काय सांगताय.”

श्रीकांतला तिने सगळं सांगितलं. त्याने हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाला, की मामाच्या घराशी वाकडं घ्यायचं तर पक्कं कारण हवं. तुझं नाक हे कारण होत नाही. तिने राखेचं सांगितलं. तो म्हणाला, राखेचंही तुझंच म्हणणं ना.

पण तोंड उघडायचं तर तिला होतंच. दर गुरुवारी मल्लेश्वरममधल्या मराठी बायका सकवारबाईंकडे भजनाला जमायच्या. सकवारबाईंचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांची मराठी निम्मी कन्नड, आणि मान मोठा. त्या गुरुवारी शमिका आलेली नव्हती. आरती झाली, कॉफी झाली, आणि वसुमतीने सांगायला सुरुवात केली.

तिने ते जसं सांगायला हवं तसं सांगितलं. शमिकाने दिलेल्या पुडीत क्रोमियम आहे. ते दोन प्रकारचं असतं, एक कमी वाईट, एक फार वाईट. कोळशात बहुतेक पहिलं असावं. पण उघड्यावर जाळताना थोडं दुसरं होऊ शकतं, आणि ते पाण्यात उतरतं. पानात किती जातं? ते मला सांगता येणार नाही, मोजायला साधन नाही. पण ते मातीत नको.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सकवारबाई म्हणाल्या, की स्टीलच्या तांब्यात पण तेच असतंय म्हणे, आमचा नातू अभिमन्यू सांगतोय, मग काय तांबे टाकायचे? त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. वसुमतीने समजावलं, की तिथे ते लोखंडात घट्ट बांधलेलं असतं, इथे मोकळं आहे. पण तोवर एकीने घड्याळ बघितलं होतं, आणि दुसरी शेजारणीला सांगत होती, की शमिका म्हणत होती, अहवालावरून दोन्ही घरांत काहीतरी बिनसलंय. खरं बोलताना जिथे जिथे ‘बहुतेक’ आणि ‘सांगता येणार नाही’ म्हणावं लागलं होतं, तिथून तिथून तिचं बोलणं गळून गेलं होतं. तिला ते समोर दिसत होतं. सगळ्याजणी घरी जाऊन पुन्हा तीच पानं खाणार होत्या.

“ते कातडं आहे,” वसुमती म्हणाली. “चपलांच्या कारखान्यातले तुकडे जाळून केलंय.”

आता मात्र सगळ्यांना एका क्षणात कळलं. एकजण तोंडाला पदर लावून मागच्या दाराकडे धावली. एकीने कॉफीचा कप असा लांब ढकलला, जसं काही त्यातच ते होतं. तुळशीत कातडं, देवाच्या तीर्थात कातडं. आणि मग बोलणं कातड्यावरून कातड्याचं काम करणाऱ्यांवर गेलं, जायला वेळ लागला नाही. त्यांच्या वस्त्या, त्यांचे हात, त्यांचा वास. एकीने त्यांच्या जातीवरून एक शब्द वापरला, ती बाई शाळेत शिक्षिका होती, आणि कुणी तिला थांबवलं नाही. वसुमतीनेही नाही.

मागच्या दाराशी नळावर यल्लव्वा कप विसळत होती. ती सकवारबाईंकडे कितीतरी वर्षं धुणंभांडी करायची, आणि सगळ्या तिच्याशी कन्नडमध्ये बोलायच्या. ती बेळगावकडची आहे, म्हणजे तिला मराठी कळत असणार, हे वसुमतीच्या तेव्हा लक्षात आलं. यल्लव्वाने हातातला कप उपडा ठेवला, नळ बंद केला. राहिलेले कप तसेच टाकून पदराला हात पुसत ती मागच्या फाटकातून निघून गेली. त्या गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं.

वसुमतीने नाकाला पदर लावला. तो वास परत आला होता आणि या खोलीत तर तुळस नव्हती.

पुढचं सगळं फार झटपट झालं. गुरुजींना फोन गेले. जिवंत तुळस उपटायची नसते, असं गुरुजींनी सांगितलं. शिंपडून शुद्ध करा. रविवारपर्यंत मल्लेश्वरममधल्या त्या सगळ्या कुंड्यांवर गोमूत्र शिंपडून झालं, वर हळदीकुंकू वाहून झालं, आणि सोमवारपासून पानं पुन्हा तीर्थात पडायला लागली. पूड जिथल्या तिथे होती. वसुमती दोघीतिघींना सांगायला गेली, की गोमूत्राने क्रोमियम जात नाही. त्यांनी तिला प्रेमाने बसवून घेतलं आणि आता सगळं निर्मळ झालंय, मनात आणू नका, असं तिचीच समजूत काढल्यासारखं सांगितलं. शमिकाही घरोघर जाऊन आली. माल देणाऱ्याने फसवलं, म्हणाली, डोळ्यांत पाणी आणलं आणि प्रत्येकीला नवी पिशवी दिली. या पिशवीवर अहवाल छापलेला होता. सगळ्यांनी घेतली. कातड्याची शंका फिटल्यावर उरलं काय?

त्याच आठवड्यात वसुमती दुपारची सकवारबाईंच्या मागच्या फाटकाशी गेली. यल्लव्वा दगडावर चादर आपटत होती. कन्नडमध्ये काय म्हणायचं ते वसुमती वाटेत जुळवत आली होती. तप्पायतु, एवढंच तिच्या तोंडून निघालं. चुकलं.

यल्लव्वाने चादर पिळली. “मराठीत बोला, बाई,” ती म्हणाली. “मला येतंय.”

मराठीत मात्र वसुमतीला काही बोलता आलं नाही. यल्लव्वाने थोडी वाट बघितली आणि दुसरी चादर घेतली.

घरी माईंनीही गोमूत्र शिंपडलं होतं. विद्याधर म्हणाला होता तशी ओकारी त्यांना झाली नव्हती. त्या दोन दिवस कमी बोलल्या, एवढंच. मंगळवारी सकाळी पूजा आटपून त्या तीर्थाची पळी घेऊन बाहेर आल्या. श्रीकांतने हात पुढे केला. वसुमतीने केला नाही. या घरात आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. श्रीकांतने तिच्याकडे बघितलं, माईंकडे बघितलं, आणि चप्पल घालायला निघून गेला.

पळीत एक पान तरंगत होतं. माई ती तशीच धरून उभ्या राहिल्या.

“शिंपडलंय मी,” त्या म्हणाल्या. “तरी कातड्याची किळस येते?”

“कातड्याची नाही, माई. कातडं तर आपण पायात घालतो.”

“मग कशाची?”

वसुमतीला पुष्कळ काही सांगता आलं असतं. नमुन्याची, सहीची, शिऱ्याची, त्या शिक्षिकेच्या तोंडची, स्वतःच्या तोंडची. पण माईंनी विचारलं होतं ते पळीतल्या पाण्याबद्दल.

“ते जात नाही, माई,” ती म्हणाली. “शेण असतं तर कुजून गेलं असतं. कोळसा कुजत नाही आणि त्यातलं ते हिरवंही सरत नाही. थोडं थोडं पानात चढत राहील की नाही, किती चढेल, मला ठाऊक नाही. मी खोटं कसं सांगू? पण तुम्ही ते रोज खाता.”

माई आत गेल्या. पळीतलं पाणी त्यांनी मोरीत ओतलं नाही; तांब्यात परत घातलं आणि तांब्यावर झाकण ठेवलं. मग खुरपं घेऊन अंगणात आल्या, तुळशीपुढे बसल्या. आधी त्यांनी मंजिऱ्या हाताने चोळून बी पदरात झाडून घेतलं, सावकाश, एकही दाणा खाली पडणार नाही असं. मग तुळशीला हात जोडले आणि खुरपं मुळाशी घातलं. गुरुजींनी काय सांगितलं होतं ते त्यांना पाठ होतं, तरी घातलं.

काळी माती निघाली. माईंनी चिमूटभर नाकाशी नेली, डोळे मिटून हुंगली, पुन्हा हुंगली.

“मला तर कसलाच वास येत नाही बाई,” त्या म्हणाल्या, आणि चिमूट पत्र्याच्या डब्यात टाकून पुढची मूठ काढायला वाकल्या.

वसुमती डबा धरून बसली. माती सगळी निघेपर्यंत तिने तोंडाने श्वास घेतला. तळाशी, जिथे पाणी मुरलं होतं, तिथे वास सगळ्यांत जास्त होता. डब्याचं झाकण घट्ट बसवल्यावरही तो तिच्या बोटांना राहिला. हा डबा कुठे ओतायचा, ते तिला कळेना. नाल्यात नाही, परसात नाही, कचराकुंडीत नाही. जिथे टाकावा तिथे तो राहणार. शेवटी तिने तो पिशवीत घातला आणि रिक्षाने राजाजीनगरला नेला. हयवदन रावांनी विचारलं तेव्हा नमुना आहे म्हणाली आणि आपल्या टेबलाखाली भिंतीशी सरकवला.

संध्याकाळी माईंनी नव्या मातीत बी पेरलं. उगवेपर्यंत तीर्थ नुसत्या पाण्याचं होतं. वसुमती रोज हात पुढे करायची, आणि तळहात तोंडाशी नेण्याआधी एकदा हुंगायची. माई ते बघायच्या. तिचं हुंगून होईपर्यंत थांबायच्या आणि मग चहा ओतायच्या.